निरोप थांबला तर पंपाने काय करायचं? पाण्याची यंत्रणा चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या पाण्याच्या टाक्या, पंपघरं आणि पूर मोजणाऱ्या यंत्रणा ज्यांच्या सहीने चालतात ते सर्व अभियंते आणि अधिकारी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातला. गेली २६ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. कुंडईला आणि वेर्ण्याला कारखान्यांतले पातळी मोजणारे लेव्हल ट्रान्समीटर, प्रवाह मोजणारे फ्लोमीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि पीएलसीची (म्हणजे यंत्रं आपोआप चालवणाऱ्या छोट्या संगणकांची) पॅनेलं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा या पत्रात राग असला तरी जे लिहितोय ते ऐकीव नाही.

आमच्या वाड्याच्या वर डोंगरात पाण्याची टाकी आहे आणि खाली रस्त्याला लागून पंपघर. दोन्हीकडची रात्रपाळी काढून घेतली. पंप आता टाकीवरच्या मोबाईल सिममधून येणाऱ्या रीडिंगवर आपोआप चालू-बंद होतो. या रीडिंगलाच मी पुढे निरोप म्हणतो. लक्ष ठेवणारा माणूस बसतो दूर एका खोलीत, आणि त्याच्यासमोर अशाच कितीतरी टाक्या असतात. हीच पद्धत आता आणखी केंद्रांवर नेणार असल्याचं आम्हाला सांगण्यात आलं. मी तंत्रज्ञ आहे, ऑटोमेशनवर माझं पोट चालतं, त्यामुळे यंत्रणा नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण जे आमच्याकडे झालं ते न सुधारता पुढे न्यायला माझी हरकत आहे, आणि ती जाहीरपणे नोंदवावी म्हणून हे पत्र.

काय झालं ते सांगतो. आषाढातली रात्र, पाऊस कोसळत होता. पहाटे पाचच्या सुमाराला माझ्या मावशीच्या घरामागचा चिऱ्यांचा गडगा आत कोसळला. चिरे तिच्या खाटेपासून चार हातांवर येऊन थांबले. मावशी सत्तरीच्या पुढची आहे. आम्ही धावत गेलो तेव्हा डोंगरावरून चिखलाचं पाणी येत होतं आणि वर टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून धबधबा पडत होता. फोन केले, तेव्हा कुठे पंप बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मला कंट्रोल रूममधला ट्रेंड, म्हणजे पातळीचा आलेख, दाखवला. तिथल्या मुलाने स्वतःहून दाखवला, त्याचे आभार. रात्री १ वाजून २० मिनिटांपर्यंत टाकीच्या पातळीची रेघ बारीक थरथरत होती. जिवंत रीडिंग तसंच असतं. पाणी हलतं, दशांशाचा आकडा वर-खाली होत राहतो. १:२० नंतर मात्र पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. ६२ टक्के. दोन वाजता ६२, तीनला ६२, पाचला गडगा पडला तेव्हाही ६२. मोडेमची रेंज १:२० ला गेली होती आणि यंत्रणेने शेवटचा आकडा धरून ठेवला होता. स्क्रीनवर तो आकडा हिरवाच होता. हे रीडिंग कितीचं, हे सांगणारी वेळ त्याच्या शेजारी नव्हती.

हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. टाकी ५०० घनमीटरची. ६२ टक्के भरलेली म्हणजे १९० घनमीटर जागा शिल्लक. पंप ताशी २५० घनमीटर देतो, म्हणजे ४६ मिनिटांत टाकी काठोकाठ. तो चालला ३ तास ४० मिनिटं. रात्रीचा वापर वजा केला तरी सुमारे सात लाख लिटर शुद्ध केलेलं पाणी डोंगरावरून आमच्या घरांवर आलं. ज्या तालुक्याने २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिन्या फुटल्यावर कित्येक दिवस टँकरमागे बादल्या घेऊन रांगा लावल्या, त्या तालुक्यात.

रेंज गेल्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. आमच्या पावसात रेंज जाणारच, वीज जाणार, अँटेनाच्या सांध्यात पाणी शिरणार. माझी पहिली तक्रार ही आहे की निरोप आला नाही तर पंपाने काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. शेवटचा आकडा धरायचा, शून्य मानायचा की काम थांबवायचं, हे कंट्रोलरला माणसाने सांगावं लागतं. आमच्या पॅनेलमध्ये बनवणाऱ्याने पाठवलेली सेटिंग जशीच्या तशी होती.

आणि मला भीती वाटते की हे वाचून तुम्ही 'निरोप थांबला की पंप बंद' एवढी एक ओळ टाकाल आणि काम झालं म्हणाल. तसं कृपा करून करू नका. त्याने फक्त संकटाची बाजू बदलते. ज्याला गाव तहानलेलं ठेवायचं असेल त्याने सिग्नल दाबणारा एक जॅमर लावला की पुरे. तुमची यंत्रणाच त्याच्यासाठी पंप बंद करेल. चवथीच्या आदल्या दिवशी असं झालं तर काय होईल याचा विचार करा.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. पंपघराला स्वतःचा फ्लोमीटर आहे, किती पाणी वर ढकललं ते त्याला तिथल्या तिथे कळतं. टाकीची क्षमता ठाऊक आहे. कोणत्या वेळी गाव किती पाणी ओढतं, हे मागच्या नोंदींवरून कळतं. मग वरून निरोप येईनासा झाला तरी खालच्या पीएलसीला पातळीचा अंदाज स्वतः बांधता येतो, आणि तो अंदाज काही तास पुरेसा बरोबर राहतो. त्या रात्री पीएलसीने एवढी बेरीज-वजाबाकी केली असती तर दोनच्या सुमाराला त्याला कळलं असतं की टाकी भरत आली. कारखान्यात आम्ही हे नेहमी करतो. गावाच्या पाण्यासाठी का केलं जात नाही?

दुसरी तक्रार कागदावरची आहे, पण माझ्या मते तीच सर्वांत मोठी. आम्हाला जो कामाचा कागद, म्हणजे निविदा, दाखवली त्यात टाकी आणि पंपघर यांच्यातलं कनेक्शन '९५ टक्के वेळ चालू' असावं, अशी अट आहे. ऐकायला बरं वाटतं. दिवसाच्या २४ तासांचे ५ टक्के म्हणजे ७२ मिनिटं. ही ७२ मिनिटं दिवसभरात मिनिट-मिनिट अशी विखुरली तर टाकीला काही होत नाही. तीच सलग गेली तर ४६ व्या मिनिटाला टाकी वाहायला लागते. म्हणजे ठेकेदाराने अट पाळली आणि गडगाही पडला, असं दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं. अटीत सरासरी आहे. सलग किती वेळ, याबद्दल एक शब्द नाही.

या विषयाचं गणित जगभरच्या विद्यापीठांत गेली वीस-पंचवीस वर्षं खोलवर झालं आहे. त्यातली एक गोष्ट सोप्या भाषेत सांगता येते. टाकी संथ असते, पण काही यंत्रणा आवरल्या नाहीत तर ठरलेल्या जागेपासून त्या जितक्या ढळतात ती चूक दर ठोक्याला, म्हणजे दर निरोपाच्या वेळेला, वाढत जाते. ती दर ठोक्याला दुप्पट होत असेल, तर चारांतला एक निरोप हरवू लागला की कितीही हुशार कंट्रोलर लावा, ती आवरत नाही. तिप्पट होत असेल तर नवांतला एक हरवला तरी तेच. प्रत्येक यंत्रणेची अशी एक हद्द असते आणि ती आधी काढता येते. पण हे गणित निरोप आपोआप, कसेही हरवतात असं धरून केलेलं आहे. पाऊस निवडून मारत नाही. माणूस निवडतो. पंप चालू असताना, रात्री दोनला, नेमक्या त्या तासात तो सिग्नल दाबून धरेल. म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी सरासरीऐवजी दोन गोष्टी मोजायला घेतल्या: अडथळा सलग किती वेळ टिकतो आणि किती वेळा येतो. तुमच्या निविदेत हे दोन आकडे हवेत. प्रत्येक टाकीसाठी वेगळे, कारण प्रत्येक टाकीची '४६ मिनिटं' वेगळी आहेत.

हल्ला वगैरे इथे कोण करणार, असं मला बैठकीत विचारलं गेलं. इथेच झालेला आहे. २०२१ च्या जुलैत सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत पूर आला, घरं पडली, लोकांना घरं सोडावी लागली. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्यातल्या नद्यांवरच्या १५ ठिकाणांची पातळी मोजणाऱ्या पूर-यंत्रणेच्या पणजीतल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. फाइली कुलूपबंद झाल्या आणि सोडवायला बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. सर्व्हरवर अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनी होती, हे तेव्हाच्या बातम्यांत छापून आलं. वाळवंटी नदीकाठच्या साखळी शहरातल्या दुकानदारासाठी ते रीडिंग म्हणजे माल माळ्यावर चढवायला मिळणारा तास-दीड तास असतो.

आणि निरोप थांबणं हा त्यातला सौम्य प्रकार. खोटा निरोप येणं त्याहून वाईट. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने इराणच्या नतांझमधल्या अणुकेंद्रात तेच केलं. आधी सगळं सुरळीत असतानाची रीडिंग रेकॉर्ड करून ठेवली, मग युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचा वेग बिघडवला आणि ऑपरेटरला मात्र जुनी, चांगली रीडिंग पुन्हा पुन्हा दाखवली. समोरची माणसं स्क्रीन बघत होती आणि मागे यंत्रं मोडत होती. आमच्याकडे ६२ चा आकडा कुणी मुद्दाम धरून ठेवला असता तर स्क्रीनवर याहून वेगळं काय दिसलं असतं?

खोटं रीडिंग ओळखायची एक युक्ती आहे. अधूनमधून, ठरलेली वेळ नसताना, पंपाला छोटासा धक्का द्यायचा. दोन मिनिटं थांबवायचा किंवा वेग थोडा कमी करायचा. खरी टाकी त्याला उत्तर देते, तिची चढती रेघ तेवढ्यापुरती मोडते. रेकॉर्ड केलेल्या टाकीला तो धक्का कळतच नाही. शास्त्रज्ञांनी याची पद्धतशीर रीत बसवली आहे, पण आमच्या टाकीवरचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळा वाडा मामा म्हणायचा, ते हे हातानेच करायचे. टाकीच्या बाहेर पत्र्याची पट्टी आहे, आतल्या तरंगत्या डब्याला दोरीने जोडलेला काटा तिच्यावर फिरतो. टाकी भरली की काटा खाली येतो. काटा हलेनासा झाला की मामा दोरीला हलका हिसका देऊन बघायचे, अडकलीय की खरंच पातळी तीच आहे. मग पाइपावर तळहात ठेवायचे. पाणी येतंय की नाही ते त्यांना हाताला कळायचं. ती पट्टी अजून तिथे आहे, आकड्यांचा रंग उडालाय, दोरी तुटलीय.

तिसरी तक्रार कुलपांची. पंपघरातल्या पॅनेलच्या दाराला आतून मार्करने पासवर्ड लिहिलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बनवणाऱ्याने दिलेला तोच, कधीही न बदललेला. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन, आणि काम सोडून गेलेल्या ठेकेदाराच्या माणसांच्या मोबाईलमध्ये पंप चालवायचं अॅप त्याच लॉगिनवर अजून चालतं. २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावच्या पंपघराचा कंट्रोलर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. त्या कंपनीच्या कंट्रोलरचा मूळ पासवर्ड होता १, १, १, १. ऑस्ट्रेलियात मारूची भागात २००० साली एका ठेकेदाराकडची नोकरी सोडलेल्या माणसाने गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन सांडपाण्याच्या पंपांना खोटे हुकूम दिले. सुमारे आठ लाख लिटर मैला नदीत आणि बागांत गेला. यंत्रं फिरवण्याची भाषाच मुळात विश्वासावर उभी आहे. मॉडबस नावाची ही भाषा १९७९ ची. तिच्यात 'हुकूम देणारा तू कोण' हा प्रश्नच नाही. जो जोडला जाईल त्याचं ती ऐकते. म्हणून दार बाहेरूनच बंद ठेवावं लागतं.

नोंदींबद्दल थोडक्यात. त्या रात्रीचा लॉग मी दहा दिवसांनी लेखी मागितला. उत्तर आलं की यंत्रणा सातच दिवसांचा ठेवते. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला आणि सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. आमच्या डोंगरावर त्या रात्री पावसाने सिग्नल गेला की कुणा माणसाने घालवला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मावशीला मी काय उत्तर देऊ?

गोव्याच्या लोकांना हे काही नवं सांगायची गरज नाही. आपल्या खाजनांतली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतली, मानस (पाण्याचं दार) बघा. भरती आली की नदीचं पाणीच लाकडी कवाड दाबून बंद करतं, ओहोटीला शेतातलं पाणी तेच कवाड ढकलून बाहेर पडतं. भरती आल्याचा निरोप कुणी कुठून पाठवावा लागत नाही. पाणी स्वतःच निरोप घेऊन येतं. साळावली धरणाचा बदकाच्या चोचीसारखा सांडवा तसाच, पाणी त्या उंचीला पोचलं की आपोआप आत पडतं. टाकीलाही हे करता येतं. टाकीच्या तोंडाशी फ्लोटवर चालणारा, हळू मिटणारा व्हॉल्व्ह बसवा. टाकी भरली की तो बंद होतो, पाइपातला दाब चढतो, आणि खाली पंपघरातला प्रेशर स्विच पंप ट्रिप करतो, म्हणजे आपोआप बंद करतो. सिम नाही, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. निरोप पाइपातूनच येतो आणि तो कुणाला जॅम करता येत नाही. हळू मिटणारा यासाठी म्हणतो की झटक्यात बंद झाला तर पाण्याचा हातोडा बसून पाइप फुटेल.

म्हणून माझ्या आणि आमच्या वाड्याच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक टाकीवर असा स्थानिक, निरोपाशिवाय चालणारा बंदोबस्त येत्या पावसाळ्यापूर्वी करा. तो होईपर्यंत रात्रपाळी परत आणा. त्यानंतरही हाताने पंप चालवू शकणारी माणसं जवळपास ठेवा आणि त्यांचा सराव घ्या. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्ला करून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली, तेव्हा ती काही तासांत परत आली ती उपकेंद्रांवर गाड्या घेऊन गेलेल्या आणि हाताने ब्रेकर चढवणाऱ्या माणसांमुळे.

२. स्क्रीनवरच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ दाखवा. दहा मिनिटं नवं रीडिंग आलं नाही तर तो आकडा हिरवा राहता कामा नये आणि भोंगा वाजला पाहिजे.

३. निविदेतली टक्केवारीची अट बदला. प्रत्येक केंद्र सलग किती मिनिटं निरोपाशिवाय सुरक्षित राहील, ते लिहा आणि ठेकेदाराकडून तपासून घ्या.

४. पासवर्ड या आठवड्यात बदला. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, काम संपलं की ते बंद करा.

५. लॉग १८० दिवस ठेवा, एक प्रत वेगळ्या जागी. काही बिघडलं तर आम्हाला त्याच दिवशी सांगा.

६. मावशीचा गडगा बांधून द्या.

यातल्या कुठल्याच मागणीला परदेशी सल्लागार लागत नाही. फ्लोट व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच आपल्याकडे मिळतात, बसवणारे फिटर आपल्या तालुक्यात आहेत. पीएलसीतला तो पातळीचा हिशेब मी स्वतः, एक पैसा न घेता, तुमच्या अभियंत्यांसोबत बसून लिहून देईन.

येत्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे: दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी गावकऱ्यांसमोर टाकीची चाचणी व्हावी. तुमच्यापैकी कुणीतरी यावं, ही विनंती. डोंगरावर चढायला वीस मिनिटं लागतात, वाट मी दाखवतो. पंप चालू ठेवू, अँटेनाची वायर मी काढेन, तुम्ही घड्याळ लावा, आणि आपण सगळे मिळून तिथे पाऊण तास उभे राहू.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ
टाकीखालचा वाडा, फोंडा तालुका